जनावरांची हजेरी

तुळसामाय, तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून गेलो. कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगतो. सभा राजहऱ्याच्या कॅम्पावर झाली, मेसच्या पत्र्याखाली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग आपले ओव्हरसियर साहेब बोलायला उठले. "तुलसाबाई बहुत भोली थी," ते म्हणाले, "जंगल के जानवरों की पूजा करती थी. ऐसे पुराने लोग अब कहाँ मिलेंगे." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझं टाळकं सरकलं. तू भोळी? तू पूजा करायचीस? ज्या माणसानं तुझ्या हातातली चुन्याची पिशवी काढून घेतली तो तुला भोळी म्हणत होता, आणि ती पिशवी ज्याच्यामुळे गेली तो मी समोर हात बांधून उभा होतो. म्हणून निघालो. लोकांना वाटलं मला रडू आलं. रडू नव्हतं आलं. राग आला होता, आणि त्यातला मोठा वाटा माझा माझ्यावरच होता.

तू कुठल्या गावची, तुला किती लेकरं झाली, भिलाईला कधी आलीस, हे हरी लिहील. तो तुझा पोरगा आहे, त्याला ते शोभतं. मला फक्त हजेरीबद्दल बोलायचं आहे. हा कागद आपल्या सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितात जाणार आहे, आणि तिथे डोंगर न पाहिलेलेच जास्त. त्यांच्यासाठी तुला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

भिलाईत पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या आणि त्यांना लागणारा लोखंडाचा दगड राजहऱ्याच्या डोंगरात होता. डोंगर खणायच्या आधी मोजायचा होता. मोजणाऱ्या टोळीत मी खलाशी होतो. साखळी ओढायची, झेंडीचा बांबू धरून उभं राहायचं, दुर्बिणीची तिपाई खांद्यावरून न्यायची. सोमवारी भिलाईहून गाडीनं निघायचं, शनिवारी परत यायचं. तू त्याच टोळीतली रेजा, म्हणजे मजूर बाई. साहेब दुर्बिणीतून लाइन धरायचे आणि हात करतील त्या दगडावर तू पंज्याएवढा चुन्याचा ठिपका मारायचीस. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या ठिपक्यांमागून वर चढायचो.

सकाळी साहेबांचं मस्टर व्हायचं, ते माणसांचं. ते आटोपून साहेब चहाकडे वळले की तुझं सुरू व्हायचं. कमरेवर हात ठेवून तू उभी राहायचीस आणि शाळेतल्या मास्तरासारखी नावं घ्यायचीस.

"आसोल?"

"हाजिर. नाल्याच्या वरतं वारूळ फोडून ठेवलं हाय."

"डुक्कर?"

"हाजिर. तळ्याच्या काठानं समदं उकरलं हाय."

"बिबट?"

यावर कुणी बोललं नाही तरी तू पुढच्या नावावर जात नव्हतीस. "वांदरं खोकलतानी कोनं आयकलं?" असं विचारायचीस. मग मागची एखादी पोरगी लाजत सांगायची, की काल उतरताना सालईच्या मोठ्या झाडावरून वानर खाली बघून खोकत होता. "मंग खालतं होता तो. बिबट हाजिर. सालईकडून कोनी एकटं जाऊ नोका." तुझा नियम एकच होता, आणि तो साहेबांच्या सगळ्या नियमांहून कडक होता. न पाहिलेलं हाजिर सांगायचं नाही, आणि पाहिलेलं दडवायचं नाही.

अस्वल दिसायच्या आधी काय काय दिसतं ते तू आम्हाला शिकवलंस. नखांनी खरवडलेलं खोड, उलटे केलेले दगड, विष्ठेत मोहाच्या बिया. त्याला नीट दिसत नाही, म्हणून वळणावर बोलत चला, पण पिल्लू दिसलं की मागच्या पावली फिरा, कारण आई कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं. थंडीच्या सकाळी घोणस तापलेल्या दगडावर येऊन पडते, तेव्हा चढताना हात टेकण्याआधी नजर टेका. सांबर दिवसा ओरडलं तर थांबा. आग्या मोहोळ कड्याखाली असतं, तिथे विडी नको आणि केसाला वासाचं तेल नको. ही शेवटची सूचना देताना तू माझ्याकडे बघायचीस, आणि सगळ्या बाया हसायच्या. तेव्हा माझं लग्न ठरत होतं आणि माझ्या डोक्यातून मोगरा घमघमायचा.

एकदा रशियन इंजिनियर डोंगर बघायला आला होता तेव्हा तुझी हजेरी चालू होती. त्याला भाषा कळेना. तू दोन्ही पंजे वर करून, मान हलवून "आसोल" करून दाखवलंस. तो इतका खूश झाला की त्यानंही पंजे वर केले, छातीवर हात मारला, म्हणजे आमच्याकडेही आहे. तू त्याला गंभीरपणे विचारलंस, "कोठी? जागा सांग." तो परत गेला तेव्हा तू म्हणालीस, मानूस चांगला हाय, पन जागा नाही सांगत.

माझं तुझ्याशी भांडण पहिल्या महिन्यापासून होतं. आमच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. देवदेव, अंगात येणं, कौल लावणं, सगळं भंडाऱ्याला टाकून मी आलो होतो. भिलाईत वीज होती, भोंग्यावर चालणारा दिवस होता, आणि जात न विचारता मिळालेला मस्टरवरचा नंबर होता. आणि इथे एक म्हातारी सकाळी सकाळी अस्वलाचं नाव घेते, तर बाकीचे हाजिर म्हणतात. मला ते जुन्याच दुकानाची नवी पाटी वाटायचं. एकदा तुला मी तोंडावर म्हणालो, "हे अंधश्रद्धेचं खूळ हाय, माय. आपन जंगलातून भायेर पडाले आलो, तू आमाले मागं ओढून राह्यली."

तू रागावली नाहीस. पाण्याची घागर उतरवून तुझ्याच लोट्यानं मला पाणी दिलंस. कुणब्याच्या बाईनं लोटा पुढे करताना हात आखडला का, हे मी तेव्हा सगळ्यांचंच बघायचो. तुझा आखडला नाही. मग म्हणालीस, "हे देवाचं नाही रे वामन. हे हाजरीचं हाय. आपन त्याह्यच्या घरात खुट्या ठोकून राह्यलो. कोन घरी हाय आन् कोन नाही, येवढं तं विचारशीन का नाही?"

मी म्हणालो, "डोंगर सरकारचा हाय. जनावराचा कावून?"

"त्याहीले सांगतलं का सरकारनं?" तू म्हणालीस. मी त्या दिवसापासून हजेरीला उभं राहणं सोडलं. तुझं सुरू झालं की मी बाजूला बसून तिपाईचे स्क्रू पुसायचो. ते भांडण मिटलं नाही, माय. तू जिंकलीस असं मी अजून मोकळेपणानं म्हणत नाही. डोंगर खणायला हवाच होता. माझी पोरं आज पक्क्या घरात, दिव्याखाली अभ्यास करतात ती त्या दगडावर. पण विचारायला हवं होतं, एवढं मी मान्य करतो. हे तुझ्या समोर मान्य केलं असतं तर माझं काय गेलं असतं, कोण जाणे.

आता त्या दिवसाचं सांगतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

त्या सकाळी हजेरीत तू गिधाडांचं नाव घेतलं होतंस. वरच्या कड्याच्या कपारीत त्यांची घरटी आहेत, त्याच कड्याखाली आग्या मोहोळ आहे, तिकडून कुणी जाऊ नका, असं तू सांगितलंस. हे सगळं मला नंतर कळलं, कारण मी स्क्रू पुसत होतो. साहेब त्या दिवशी खालच्या कॅम्पात होते. मी झेंडी घेऊन पुढे, मागे दुर्बीणवाला आणि दोघे. दुपारी लाइनीचे ठिपके एका घळीत दिसेनासे झाले. मी मान वर केली तर कड्यावर पांढरं. एक, त्याच्या वर दुसरं, त्याच्या वर तिसरं, सरळ रेषेत. वर्षभर पांढऱ्यामागून चाललेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. मी ओरडलो, "लाइन तिकडं हाय," आणि सगळ्यांना तिकडे घेऊन गेलो.

तो चुना नव्हता. गिधाडांची घाण होती, वर्षानुवर्षं कपारीतून ओघळलेली. माझ्या झेंडीचा बांबू वर कुठे लागला ते मला दिसलं नाही. आधी आवाज आला, मग आकाश काळं झालं. दुर्बीणवाल्यानं दुर्बीण टाकली आणि पळाला, ती घळीत आपटून फुटली. मी डोकं धरून तिथेच बसलो. खालून तू आलीस. अंगावर ओलं पोतं आणि हातात तुझी घोंगडी. ती तू माझ्यावर टाकलीस आणि मला ओढत, शिव्या देत खाली आणलंस. पोतं तुझ्या पाठीवर होतं, तोंड उघडंच होतं. तुझा डावा डोळा महिनाभर बंद होता. माझ्या अंगावर सात-आठ काटे निघाले, तुझ्या तोंडावरचे काटे टोळीतल्या बाया संध्याकाळपर्यंत काढत होत्या.

खाली नाल्यात पडल्या पडल्या मी वर बघितलं. माशा शांत झाल्या होत्या. एक गिधाड सावकाश उतरलं आणि त्या पांढऱ्यावर बसलं. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं, माय. चौकशीच्या आधी कळलं होतं. न कळता झालं असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, लाइन सोडून का गेलात. दुर्बीण फुटली होती, कुणाच्या तरी नावावर ती पडणार होती. मी नोकरीत कच्चा होतो, पक्कं होण्याची यादी निघायची होती. आमच्या घरात महिन्याला पगार घेणारा पहिला माणूस मी. माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, तिथं चुन्याची खूण होती."

साहेबांनी तुला बोलावलं. डोळ्यावर फडकं बांधून तू आलीस. "तुमने वहाँ चूना मारा था?" तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ नाही. मग म्हणालीस, "मारला असन, साहेब. म्हातारी झाली मी."

तुझी पिशवी गेली. तुला खाली मातीच्या घमेल्यावर टाकलं. रोजच्या त्या तमाशामुळे बाईचं कामात लक्ष नसतं असं म्हणून साहेबांनी हजेरी बंद केली. मी यादीत पक्का झालो. दोन वर्षांनी टोळीचा मेट, म्हणजे मुकादम, झालो. आता ती टोळी माझी आहे आणि चुन्याची पिशवी माझ्या पेटीत असते.

तू एकदाही बोलली नाहीस. मला वाटायचं कधीतरी एकटं गाठून झापशील. त्यासाठी मी वाटही बघायचो. एकदाच, पाण्याच्या टाकीवर, सगळ्या बायांसमोर, तू गालातल्या गालात हसून म्हणालीस, "वामन, चुना ओल्या बोटाले लागते. गिधाडाची घान वाळली का लागत नाही. हात लावून पाह्यत जा बाप्पा." बाया हसल्या, त्यांना वाटलं नव्या मेटाची गंमत चालली आहे.  म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू मला माझ्या लबाडीपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट शिकवत होतीस.

त्याच टाकीवर बायांनी हजेरी चालू ठेवली होती, भांडी भरता भरता, हळू आवाजात. मला ते माहीत होतं आणि मी साहेबांना सांगितलं नाही. एवढ्यावर मी स्वतःला चांगला माणूस समजत होतो.

मागच्या पंधरवड्यात तुला बघायला हरीच्या क्वार्टरवर आलो तेव्हा बोलायचं ठरवूनच आलो होतो. तुझी छाती भरलेली, श्वास तोकडा. हरी चहा आणायला आत गेला. खोलीत आपण दोघंच. मी म्हणालो, "माय, त्या दुर्बिणीच्या दिवशी..." तू हात हलवून मला गप्प केलंस. "मोहं पडाले लागले का वरतं?" लागले, म्हणालो. "मंग आसोल पिल्लं घेऊन खाली येत असन. पोरी सकाळच्यानं फुलं येचाले जातात. कोन सांगते त्याहीले?" मी म्हणालो, सांगतील एकमेकींना. तू डोळे मिटलेस. "तू मेट हायस," एवढंच म्हणालीस. हरी चहा घेऊन आला आणि मी सुटल्यासारखा चहा प्यालो. त्यानंतर तू भेटली नाहीस. शिवनाथ नदीच्या काठावर तुला ठेवलं तेव्हा मी खांदा दिला, आणि तेव्हाही गप्पच राहिलो.

आता नाही राहत. परवा सोमवारी गाडीतून उतरताच मस्टर झालं. साहेब तिथेच उभे होते, मोहाच्या बनातून वरच्या नव्या लाइनीवर टोळी न्यायची होती. मी पुढे झालो.  मी विचारलं, "अस्वल?"

 समोर तीस-पस्तीस माणसं. बाया साहेबांकडे बघत होत्या. मी पुन्हा विचारलं. मग मागून फुलबासन बोलली, इथल्याच गावची, या वर्षी कामाला लागलेली, तुला जिनं टाकीवरच काय ते पाहिलं. "भालू हाजिर, मेट. मउहा के खाल्हे. संग म पिला घलो हे." सकाळी फुलं वेचायला गेली तेव्हा मोहाखाली पिल्लासकट अस्वल तिनं पाहिलं होतं आणि पावलं न वाजवता मागे आली होती. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. मग बिबट्याचं नाव घेतलं, डुकराचं घेतलं, सांबराचं घेतलं. आवाज वाढत गेले. एका म्हाताऱ्या खलाशानं घोणशीची जागा सांगताना तर दगडाचा रंगही सांगितला.

साहेब लालबुंद झाले. "ये फिर से किसने शुरू किया?"

"मैंने, साहब."

"लिखके दो कि आगे से नहीं होगा. अभी के अभी."

मी कागद मागवला आणि तिपाईच्या पेटीवर ठेवून सगळ्यांसमोर लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचलंही, कारण तुला तो ठपका सगळ्यांसमोर बसला होता. दुर्बीण फुटली त्या दिवशी कड्यावर चुन्याची खूण नव्हती, गिधाडांची घाण होती. ती मी ओळखली नाही, आणि ओळखल्यावर खोटं बोललो. तुळसाबाईची काही चूक नव्हती, तिनं सकाळीच हजेरीत ती जागा सांगितली होती. हजेरी उद्याही होईल, मी मेट असलो तरी आणि नसलो तरी. खाली सही केली, नंबर घातला.

बायांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. हरीला हे मी आदल्या संध्याकाळी त्याच्या दारात उभं राहून सांगितलं होतं.  तो म्हणाला, "मायले ठाऊक होतं," आणि मला आत ये म्हणाला नाही. तो त्याच्या जागी बरोबर आहे. तुझ्या मोठेपणाची सावली त्यानं माझ्यावर धरावी असं मी मागणार नाही. तूही मला तेव्हा वाचवायला नको होतंस, माय. याचा मला राग आहे. तू "मारला असन" म्हणालीस म्हणून मी चार वर्षं तुझ्या उपकाराखाली आरामात झोपलो. तू मला त्याच दिवशी उघडं पाडलं असतंस तर नोकरी गेली असती, पण तुझी पिशवी तुझ्याकडे राहिली असती आणि माझी मानही सरळ राहिली असती. हे भांडण मी सोडणार नाही.

साहेबांनी कागद वाचला. दोनदा वाचला असावा. घडी घालून खिशात ठेवला. "इसका नतीजा जानते हो?"

"जानता हूँ."

नतीजा अजून आलेला नाही. येईल. मेटगिरी जाईल, कदाचित नोकरीही. बायकोला सांगितलं आहे. ती म्हणाली, आधी सांगायचं होतं.

मग टोळी निघाली. साहेब नेहमीसारखे पुढे, मी झेंडी घेऊन मागे. नाला ओलांडला की वाट फुटते, तुला माहीत आहे. वरची वाट मोहाच्या बनातून जाते, जवळची. खालची वाट नाल्याच्या काठानं वळसा घेते, अर्धा तास जास्त. साहेब तिथे थांबले. टोपी काढून घाम पुसला. वर बनाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "किधर से जाना है?"

मी म्हणालो, "नीचे से, साहब. ऊपर भालू हाजिर है."

 साहेब खालच्या वाटेला लागले, आणि वळण आलं तेव्हा मोठमोठ्यानं बोलत चालले.